सत्काराच्या यादीबाहेरचे पदवीधर

शैक्षणिक वर्ष संपत आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील कला महाविद्यालयांत स्नेहसंमेलने होतात, प्राचार्य वार्षिक अहवाल वाचतात आणि एकदोन दिवसांत त्याचा सारांश स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांवर छायाचित्रासह छापून येतो. अहवालाचे दोन भाग जवळजवळ ठरलेले असतात. पहिल्यात वर्षभरातील उपक्रम येतात: योगदिन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, संविधान दिन, मतदार दिन, मराठी भाषा गौरव दिन, एखादी कार्यशाळा, एखादा सामंजस्य करार. दुसऱ्यात माजी विद्यार्थ्यांचे यश येते: कोणी कर्नाटक प्रशासकीय सेवेत निवडले गेले, कोणी सैन्यात अधिकारी झाले, कोणी नेट उत्तीर्ण झाले, कोणी परदेशी गेले. यांपैकी एकाला त्या दिवशी प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलेले असते आणि शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो.

या दोन्ही याद्या खोट्या नसतात आणि त्यांत आलेल्या कोणाच्याही कष्टांविषयी माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, कला महाविद्यालयाने समाजासाठी काय केले हे या याद्यांवरून कळत नाही; सीमाभागात तर या महाविद्यालयांनी केलेले सर्वांत मोठे काम नेमके या याद्यांतून निसटते. जे मोजलेच जात नाही त्यासाठी पैसा, जागा आणि माणूस मागताही येत नाही. त्यामुळे हा प्रश्न अहवाल कसा लिहावा एवढ्यापुरता उरत नाही. कला शाखा टिकवायची की नाही, इथपर्यंत तो जाऊन पोहोचतो.

हे अहवाल आज ज्या साच्यात लिहिले जातात तो साचा मुख्यतः नॅकने दिलेला आहे. नॅक म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद. ती १९९४ मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय बंगळुरूत आहे आणि तिच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची पुढील वाटचाल यांविषयी आहे. नोकरीला लागलेले किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती, राज्य व राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षा उत्तीर्ण झालेले किती, माजी विद्यार्थी संघटना नोंदणीकृत आहे काय आणि तिने महाविद्यालयाला काय दिले, असे प्रश्न त्यात असतात. आणि स्वयंमूल्यमापन अहवालात ही माहिती मागच्या पाच वर्षांची द्यावी लागते. प्रश्न गैर नाहीत. नॅक येण्यापूर्वी अनेक महाविद्यालयांत आपले विद्यार्थी पुढे कुठे गेले याची साधी वहीसुद्धा नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याची कागदोपत्री नोंद करता येते तेच काम, अशी सवय त्यातून लागली. कार्यक्रमाआधी फलक छापून येतो, फलकावर तारीख असते, स्थळाच्या नोंदीसह छायाचित्र काढले जाते, उपस्थितीपटावर सह्या घेतल्या जातात आणि मग व्याख्यान सुरू होते. व्याख्यान ऐकून एखादी मुलगी ग्रंथालयात गेली आणि तिने त्या विषयावरचे पुस्तक मागितले, तर त्याची नोंद करायला रकाना नाही.

पाच वर्षांची मुदत अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पुरेशी असेल. कला शाखेचे फळ इतक्या लवकर हाती येत नाही. इंदिरा संत यांचे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९१४ मध्ये जन्मलेल्या इंदिराबाई कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकल्या, त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग बेळगावात गेला आणि येथील अध्यापन महाविद्यालयात त्यांनी शिकवले, प्राचार्यपद सांभाळले. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाला. आजचा नमुना त्यांच्या महाविद्यालयाने तेव्हा भरला असता, तर त्यांच्या नावापुढे ‘शिक्षिका’ एवढीच नोंद झाली असती आणि कवितेसाठी कुठेही जागा सापडली नसती. बेळगाव जिल्ह्यातल्याच घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार १९६२ मध्ये कर्नाटक विद्यापीठातून एम.ए. झाले आणि २०१० सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. मधल्या जवळजवळ अर्ध्या शतकात कोणत्या पंचवार्षिक अहवालाने त्यांना टिपले असते? धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातून १९५८ मध्ये बी.ए. झालेल्या गिरीश कर्नाड यांचे विषय गणित आणि संख्याशास्त्र होते. नाटककार तयार करण्याचा कोणताही अभ्यासक्रम त्या महाविद्यालयाने आखला नव्हता. त्याने काही वर्षे एका तरुणाला वाचायला, बोलायला आणि नाटके पाहायला मोकळीक दिली असेल, तर तेवढे त्याचे काम झाले.

अर्थात कंबार आणि कर्नाड यांची नावे घेऊन मीसुद्धा सत्काराच्याच यादीत भर घालतो आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून या महाविद्यालयांच्या स्थापनेच्या काळाकडे वळतो, कारण ती कोणासाठी सुरू झाली हे तिथे स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बेळगावच्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडावे लागे. कोल्हापूरचे राजाराम १८८० पासून होते, धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय १९१७ मध्ये आणि सांगलीचे विलिंग्डन १९१९ मध्ये निघाले. शिवाय पुणे होतेच. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर यांचीही पहिली महाविद्यालयीन वर्षे धारवाडलाच गेली. ज्यांच्या घरी बाहेरगावचा खर्च झेपत होता, किंवा ज्यांना एखाद्या वसतिगृहाचा आधार मिळाला, तेच पुढे जात; मुलींचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. के.एल.ई. संस्थेने १९३३ मध्ये लिंगराज महाविद्यालय आणि साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीने १९४५ मध्ये राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू केले ते या पार्श्वभूमीवर. जो बाहेर जाऊ शकत नव्हता त्याच्या दारात महाविद्यालय आणणे, हा त्यांचा उघड परिणाम होता. जो कुठेही गेला असता तरी चमकला असता त्याच्या यशावरून अशा संस्थेची परीक्षा घेणे मुळातच विसंगत आहे. ही संस्था नसती तर जो किंवा जी शिकलीच नसती, तिचे पुढे काय झाले हा खरा प्रश्न.

राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे यांनी काही काळ शिकवले, ही गोष्ट बेळगावकर अजूनही अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. पण त्यांच्या वर्गात बसून ज्यांनी मराठी ऐकली, त्यांतले किती जण पुढे गावोगावच्या शाळांत मराठीचे शिक्षक झाले आणि त्यांनी आपल्या वर्गात काय नेले, याचा शोध घेण्याची गरज कोणाला वाटलेली दिसत नाही. आपल्याकडे शिकवणारा प्रसिद्ध असला तर तो आठवतो, शिकणारा प्रसिद्ध झाला तर तोही आठवतो. या दोघांच्या मधला भरलेला वर्ग मात्र विस्मरणात जातो.

या भरलेल्या वर्गाने सीमाभागात केलेले काम पाहायचे असेल तर गावांत जावे लागते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० या वर्षी भरले. शि. म. परांजपे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि य. दि. फडके हे त्यांचे अध्यक्ष होते. १९४६ च्या संमेलनातील संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तर इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात पोहोचला. परंतु कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांत थंडीच्या दिवसांत होणारी ग्रामीण साहित्य संमेलने ही या भागाची खरी खासियत आहे. ग्रंथदिंडी निघते, दिवसभर मंडपात माणसे बसून राहतात, पाहुण्या वक्त्याला गावात जेवायला घेऊन जातात. ही संमेलने कोण भरवते? वर्गणी गोळा करणारा, वक्त्याशी पत्रव्यवहार करणारा, निमंत्रणपत्रिकेचे मुद्रितशोधन करणारा आणि सूत्रसंचालन करणारा माणूस बहुतेक वेळा कधीकाळी इथल्याच एखाद्या कला महाविद्यालयातून दुसऱ्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. पोटासाठी तो सहकारी पतसंस्थेत, प्राथमिक शाळेत, औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या कार्यालयात किंवा स्वतःच्या शेतात राबत असतो. त्याच्या महाविद्यालयाच्या अहवालात त्याचे नाव नसते, कारण ‘नोकरी’ आणि ‘उच्च शिक्षण’ या दोन्ही रकान्यांत तो नीटसा बसत नाही.

दुसरे एक काम याहून कमी दिसणारे आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा, पंचायतीची नोटीस, वीजमंडळाचे पत्र, पीकविम्याचा अर्ज कन्नडमध्ये येतो. ज्या पिढीचे शिक्षण फक्त मराठीत झाले तिला तो वाचता येत नाही. अशा वेळी गावात ज्याच्याकडे कागद घेऊन जायचे तो माणूस ठरलेला असतो आणि पुष्कळदा तो आता पुरुष नसून एक मुलगी असते: बी.ए. झालेली, कन्नड आणि मराठी दोन्ही लिपी सफाईने वाचणारी, कोणत्या टेबलावर कोणता अर्ज द्यायचा हे ठाऊक असलेली. भाषेचा वाद राजकारणात चालू राहतो आणि ही मुलगी घराच्या सोप्यावर बसून एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत समजावून सांगत असते. यासाठी तिला कोणी पैसे देत नाही, क्वचित आभारही मानत नाही. सीमाभागातील कला पदवीधराचे सार्वजनिक मोल दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही, आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या यशोगाथेत ते मी वाचलेले नाही.

मराठीच्या बाजूने पाहिले तर या महाविद्यालयांवरची जबाबदारी आणखी वाढते. भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते, पण ते प्राथमिक शिक्षणापुरते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले आणि त्याची मर्यादाही तेव्हाच ठरली. मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी झालेला मुलगा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेला की इतिहास आणि अर्थशास्त्र त्याला दुसऱ्या भाषेतून शिकावे लागते. पदवीला त्याच्यापाशी मराठी उरते ती भाषेच्या एका विषयापुरती, तीही त्या महाविद्यालयात मराठी विभाग असेल तर. म्हणजे उच्च शिक्षणात मराठी राहते की जाते, हे शेवटी एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापनाने एक पद भरायचे ठरवले की नाही यावर अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय आणि तांत्रिक अभ्यासक्रमांत काही जागा राखून ठेवल्या, ही सोय मोलाची आहे. पण तिचा लाभ घेणारा विद्यार्थी सीमाभाग सोडून जातो. इथेच राहून मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकू पाहणाऱ्यासाठी काय करावे, याविषयी तिकडच्या आणि इकडच्या दोन्ही सरकारांचे मौन सारखेच आहे.

अशा विभागात शिकवतो कोण, याकडे उपक्रमांच्या झगमगाटात लक्षच जात नाही. सरकारी प्रथम दर्जा महाविद्यालयांचा, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी पदवी महाविद्यालयांचा, मोठा भार अतिथी प्राध्यापकांवर, म्हणजे सगळे ज्यांना गेस्ट लेक्चरर म्हणतात त्यांच्यावर आहे. २०२३ च्या अखेरीस सेवेत कायम करावे या मागणीसाठी त्यांनी राज्यभर वर्गांवर बहिष्कार टाकला, तेव्हा कित्येक महाविद्यालयांत शिकवायला माणूसच उरला नाही आणि ही व्यवस्था कशावर उभी आहे हे उघड झाले. अनुदानित संस्थांतही निवृत्तीने रिकामी झालेली पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. मराठीसारख्या विषयाला एकच शिक्षक असतो. तो निवृत्त झाला की पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांना ‘यंदा मराठी नाही’ असे खिडकीवरच सांगितले जाते आणि दोनतीन वर्षांत विद्यार्थी नाहीत म्हणून विभाग बंद होतो. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही, की शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, हे मग कोणी तपासत नाही. उरलेल्या शिक्षकांकडे पाठांबरोबरच उपक्रमांच्या नोंदी, छायाचित्रे आणि अहवाल यांचे काम येते. ज्या प्राध्यापकाने एखाद्या मुलाची गोष्ट वाचून त्याला दोन सूचना द्यायच्या, तो संगणकावर पुरावे चढवीत बसलेला असतो.

या भागातील महाविद्यालयांची वार्षिके, ज्यांना इथे जुन्या सवयीने मिसलेनी म्हणतात, हा उपक्रम मला त्यामुळेच सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच अंकात कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी विभाग असतात, शेजारी शेजारी बांधलेले. एखाद्या खेड्यातल्या मुलाचे नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येते ते तिथे. मराठी विभाग चांगला निघायचा तर कोणीतरी वर्षभर मुलांच्या मागे लागावे लागते, लेख दोनदा परत पाठवावे लागतात. पूर्वीचे अंक पाहिले तर विभाग कोणाच्या हाती होता हे नाव न वाचता ओळखता येते. आता काही ठिकाणी अंकाची सुरुवातीची पाने संस्थाचालकांच्या आणि कार्यक्रमांच्या रंगीत छायाचित्रांनी भरलेली असतात आणि मुलांच्या लेखनाला उरलेली जागा मिळते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचेही तसेच आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत सात दिवस खेड्यात राहायचे असते. खानापूरकडच्या जंगलालगतच्या एखाद्या वाडीत शहरातली मुले सात दिवस राहिली तर त्यांच्या समाजशास्त्राच्या पुस्तकाला अर्थ येतो. उद्घाटन आणि समारोप यांच्या छायाचित्रांपुरतेच ते उरले तर फक्त फाईल जाड होते.

यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या सत्काराचे समर्थन करणारे एक कारण देतात आणि ते वजनदार आहे. आज या वर्गांत बसलेली बरीच मुले घरातली पहिलीच महाविद्यालयात आलेली आहेत. त्यांच्या घरात, गल्लीत ‘शिकून काय होते’ याचे उत्तर देणारा कोणी नसतो; आपल्याच बाकावर बसून गेलेली एक मुलगी आज तहसीलदार आहे हे डोळ्यांनी पाहिले तर त्यांना बळ येते. मला हे पूर्ण मान्य आहे. पण त्या व्यासपीठावर दरवर्षी फक्त तहसीलदारच येत असेल, तर समोरच्या मुलांना दुसरा एक निरोपही मिळतो: जी त्या परीक्षेत निवडली जाणार नाही तिचे शिक्षण वाया गेले. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांपैकी फार थोडे निवडले जातात, हे गणित सर्वांना ठाऊक आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांत कला शाखेची मुले भरपूर असतात. भरती झालेल्याचे अभिनंदन होते आणि वयाची मर्यादा ओलांडलेला मुलगा महाविद्यालयाच्या दृष्टीने नाहीसा होतो. निवडलेल्याचे श्रेय संस्थेचे आणि न निवडलेल्याचे अपयश त्याचे एकट्याचे, ही वाटणी न्याय्य नाही.

मुलींच्या बाबतीत तर चित्र वेगाने बदलते आहे आणि कोणत्याही अहवालात ते धड येत नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. खेड्यातून रोज बेळगावला येणाऱ्या मुलीच्या घरी पासाच्या पैशांवरून होणारी बोलणी त्यामुळे थांबली. बसमधल्या गर्दीवर घरचे पुरुष कितीही कुरकुर करोत, मुलीचे महाविद्यालय थांबवायला त्यांच्यापाशी एक सबब कमी उरली. या मुली पदवीनंतर कुठे जातात? लग्न होऊन त्या कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लज किंवा गोव्याकडे गेल्या की महाविद्यालयाशी त्यांचा संबंध संपतो, त्यांचे आडनाव बदलते आणि माजी विद्यार्थी संघटनेच्या वहीत त्या सापडेनाशा होतात. म्हणूनच संघटनेच्या बैठकीला बहुधा पुरुष दिसतात, वर्गात मात्र मुलींचीच संख्या जास्त असते. ज्या संस्थेला आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा पत्ता माहीत नाही तिने यशाची टक्केवारी सांगण्याची घाई करू नये.

करायचे काय, याचे उत्तर फार खर्चाचे नाही. प्रत्येक कला महाविद्यालयाने दरवर्षी दहा वर्षांपूर्वीची एक संपूर्ण तुकडी घ्यावी आणि तिच्या हजेरीपटावरील प्रत्येक नावाचा शोध घ्यावा. निवडक नावांचा नव्हे. हे काम समाजशास्त्राच्या आणि मराठी-कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल, कारण गावे त्यांचीच आहेत आणि माहेरी विचारले की सासरचा पत्ता मिळतो. प्रश्नही साधे असावेत: सध्या काय करता, पदवी मध्येच सुटली असल्यास का सुटली, कोणकोणत्या भाषांत वाचता, गावच्या वाचनालयाशी, शाळेशी, संमेलनाशी, पंचायतीशी संबंध आहे काय, आणि महाविद्यालयात शिकलेल्यापैकी आज काय उपयोगी पडते. उत्तरे जशी येतील तशी, अर्ध्यावर शिक्षण सोडलेल्यांसह, मिसलेनीत दोन्ही भाषांत छापावीत. जुन्या महाविद्यालयांच्या आधीच्या तुकड्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या, नंतरच्या कर्नाटक विद्यापीठाच्या आणि २०१० नंतरच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आहेत. पण हजेरीपट महाविद्यालयांच्याच कपाटांत आहेत, त्यामुळे विद्यापीठ बदलल्याची सबब चालणार नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाने स्वतःच्या घटक महाविद्यालयापासून सुरुवात केली तर संलग्न महाविद्यालयांना नमुना मिळेल.

माजी विद्यार्थी संघटनांनीही आपला निधी कशावर खर्च होतो ते एकदा पाहावे. प्रवेशद्वार, पंखे, ध्वनिक्षेपक यांवर देणगीदाराचे नाव रंगवता येते, म्हणून तिकडे पैसा सहज जातो. एका मराठी शिक्षकाचे वर्षाचे मानधन, ग्रंथालयात येणाऱ्या मराठी आणि कन्नड नियतकालिकांची वर्गणी किंवा मिसलेनीच्या मराठी विभागाची छपाई यांवर नाव कुठे रंगवणार? माझ्या मते पद रिकामे झाल्यापासून सरकार ते भरेपर्यंतची दोनतीन वर्षे विभाग जिवंत ठेवणे, हेच आजच्या घडीला सीमाभागातील माजी विद्यार्थ्यांचे पहिले काम आहे. त्यासाठी लागणारी रक्कम एका मोठ्या स्नेहमेळाव्याच्या मंडप, भोजन आणि स्मरणिका यांच्या खर्चापेक्षा फारशी जास्त भरणार नाही. शासनाकडे कायम पदाची मागणी चालूच ठेवावी. मागणी करणाऱ्या शिष्टमंडळाच्या हाती दहा वर्षांपूर्वीच्या त्या तुकडीची पूर्ण यादी असेल, तर ‘या विषयाचा उपयोग काय’ या प्रश्नाला गाव आणि पत्त्यासह उत्तर देता येईल.